गुजरबाई आणि कळसूबाई

गुजरबाईंना डावं-उजवं कळत नसे, असं नव्हे. त्यांना ते मान्य नव्हतं.

"डावं-उजवं ही काय भरवशाची गोष्ट आहे का, सबनीस सर?" त्या मला म्हणाल्या होत्या. "तुम्ही नुसती पाठ फिरवलीत की तुमचं डावं गेलं उजवीकडं. पूर्व कधी अशी हललेली ऐकलीत?"

नगरला आमच्या मुलींच्या शाळेत त्या भूगोल शिकवत. सत्तरच्या जूनमध्ये मी गणिताचा शिक्षक म्हणून तिथं लागलो, तेव्हा मी चोवीस वर्षांचा आणि त्या पन्नाशीला टेकलेल्या. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत डबे उघडले आणि बाई म्हणाल्या, "सर, ती लोणच्याची बाटली जरा ईशान्येला सरकवता का?" बाटली हातात धरून मी जागच्या जागी एक पूर्ण गिरकी घेतली. स्टाफरूममध्ये कुणीही हसलं नाही. प्रत्येकानं आपापल्या पहिल्या दिवशी तशीच गिरकी घेतलेली होती.

"अडलात ना?" बाई म्हणाल्या. "आधी उत्तर शोधायचं. मग कुठलाही प्रश्न सुटतो."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. वर्गात, बाजारात, शोकसभेत, कुठंही त्या ते म्हणत आणि त्यातला श्लेष त्यांना दर वेळी नव्यानं आवडे.

माळीवाड्याच्या स्टँडवरचे टांगेवाले त्यांना ओळखून होते. एकदा मी त्यांच्याबरोबर टांग्यात होतो. बाई म्हणाल्या, "पुढं पश्चिमेला घ्या." टांगेवाला काकुळतीला येऊन म्हणाला, "बाई, घोड्याला पश्चिम कळत नाही हो." बाई म्हणाल्या, "घोड्याला बरोबर कळतं. तुम्ही मधे पडू नका." आणि खरं सांगतो, घोडा वळला. आता तो घराकडं निघालेला असल्यामुळं वळला असेल, पण ते बाईंना सांगायची छाती आमच्या दोघांचीही झाली नाही.

दाढ दुखायला लागली तेव्हा त्या दातांच्या डॉक्टरांकडं गेल्या. कुठली दाढ, असं डॉक्टरांनी विचारल्यावर बाई खुर्चीतून उतरल्या, खिडकीतून ऊन कुठून येतंय ते पाहिलं, परत खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "नैर्ऋत्येची. वरची." मग डॉक्टरांनी उजेडासाठी खुर्ची फिरवली. पुढं काय गोंधळ झाला तो त्यांनी मला सविस्तर सांगितला, पण मला तो अजून नीट कळलेला नाही.

त्या एकट्या राहत. दाळमंडईजवळ दोन खोल्या, भिंतीवर सहा नकाशे. घरचं कुणी आहे का, कधी होतं का, ते कुणी विचारलं नाही. त्यांच्याशी बोलताना विचारायला फट सापडत नसे, हे त्याचं एक कारण.

पण बाईंचं मुख्य वेड दर जानेवारीत उफाळून येई. संक्रांत झाली की नववीच्या मुली घेऊन त्या कळसूबाईच्या पायथ्याशी बारी गावाला जात आणि चार दिवस तिथं तळ ठोकत. "नकाशात डोंगर म्हणजे तपकिरी डाग. पोरींना तो डाग पायाखाली लागला पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. नगर लष्कराचं गाव असल्यामुळं मोडीच्या बाजारात जुने तंबू मिळत. तसे सात तंबू बाईंनी जमवले होते आणि रात्रंदिवस सुई चालवून त्यांची भोकं बुजवली होती. मुली रानात झोपणार, ही कल्पना हेडमास्तरांना मुळीच पटत नसे. ते दर वर्षी "यंदा नको" म्हणत आणि दर वर्षी बाई त्यांच्यासमोर नकाशा उलगडत. सहाव्या वर्षी, म्हणजे मी लागलो त्याच वर्षी, त्यांनी दोन अटी घातल्या. प्रत्येक मुलीच्या वडिलांची सही हवी, आणि सोबत एक पुरुष शिक्षक हवा. "एका जरी पालकाची तक्रार आली, तर हे शिबिर कायमचं बंद," असंही त्यांनी बजावलं.

पुरुष शिक्षक म्हणून मी गेलो. मी डोंगर म्हणून त्याआधी फक्त नगरशेजारच्या टेकडीवरचा चांदबीबीचा महाल चढलो होतो, तोही बसनं.

संगमनेर, अकोले, राजूर करत आमची खास एसटी बारीला पोचली. भात काढून मोकळ्या झालेल्या एका खाचरात बाईंनी तंबू मांडले. सगळे पूर्वाभिमुख. प्रत्येक तंबूला एका खंडाचं नाव. शिंदेबाई, म्हणजे आमच्या खेळाच्या बाई, आशियात होत्या, सर्वांत दांडगट मुली आफ्रिकेत. मला मुलींपासून लांब, बांधापलीकडं एकटा तंबू मिळाला. त्याचं नाव अंटार्क्टिका. वस्ती विरळ आणि थंडी भरपूर, म्हणजे नाव अगदी बरोबर होतं.

"सर, रात्री गार वाटलं तर काय कराल?" एका मुलीनं विचारलं.

"पेंग्विन पाळीन," मी म्हणालो. बाई इतक्या हसल्या की त्यांच्या हातातली खुंटी खाली पडली. माणूस मनापासून हसताना किती वेगळा दिसतो!

दुसऱ्या दिवशी सरावासाठी मुलींना जवळच्या एका टेकाडावर नेलं. तिथं पुरुषभर उंचीचा एक कातळ होता. चाळीस मुली खारींसारख्या चढल्या. मंगल नावाची एक मुलगी मधेच थबकली. ही सोनईची, नगरला बोर्डिंगमध्ये राहून शिकणारी. हात कातळाला चिकटले ते सुटेनात, खाली बघवेना, वर जाववेना. शिंदेबाईंनी तिला उचलून खाली घेतलं तेव्हा आफ्रिकेतल्या मुलींकडून खिदळण्याचा आवाज आला.

बाईंनी तिकडं नुसतं पाहिलं. आवाज बंद झाला. मग त्या मंगलला म्हणाल्या, "उद्या सगळ्या वर जाणार. तळाचा नकाशा काढायला मला एक शहाणी मुलगी खाली हवीय. तू राहशील?" मंगलनं मान हलवली, पण तिचे डोळे भरलेले होते.

त्याच संध्याकाळी मी स्वतः ठोकलेल्या खुंटीच्या, स्वतः बांधलेल्या दोरीला अडखळून पडलो आणि माझा घोटा सुजून भोपळा झाला. त्यामुळं तिसऱ्या दिवशी पहाटे शिंदेबाई आणि गावातले भागूजी मुलींना घेऊन कळसूबाईकडं निघाले, तेव्हा तळावर उरलो आम्ही तिघं. मी, मंगल आणि गुजरबाई.

उन्हं अंगावर आली तशी राजूरची पहिली एसटी येऊन गेली आणि बांधावरून एक गृहस्थ तरातरा येताना दिसले. डोक्याला फेटा, हातात गाठोडं, चेहरा लाल.

"मंगल कुटं हाय?" त्यांनी मला विचारलं. "मी तिचा बाप."

हातातली पेन्सिल टाकून मंगल उभी राहिली. तिचा चेहरा कालच्या कातळावर होता तसाच झाला. बाई चुलीपासून उठून आल्या.

"या. त्या वायव्येच्या दगडावर बसा. पूर्वेकडचा डुगडुगतो."

आणि ते गृहस्थ क्षणभरही न घुटमळता नेमक्या दगडावर जाऊन बसले! मी सात महिने नोकरी करून जे शिकलो नव्हतो ते हा माणूस जन्मतः शिकून आला होता. बाईंनाही ते जाणवलं असावं. त्यांनी त्यांच्याकडं फार आदरानं पाहिलं.

"पर मी बसाया न्हाई आलो," ते बसल्या बसल्या म्हणाले. "तिळगूळ द्याया बोर्डिंगात गेल्तो. तितं म्हनले, पोरगी डोंगरात गेली. तीन यष्ट्या बदलल्या, राती राजूरच्या स्टँडावर पडलो. माजी पोरगी कुनाला इचारून रानात आनली तुमी?"

"तिच्या आईला विचारून."

"आन मला?"

"तुम्हाला नाही." बाईंचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. "चिठ्ठीवर तिच्या आईचा अंगठा होता. वडिलांची सही हवी असा नियम होता, तो मला माहीत होता. तरी मी तिला आणलं. चूक मंगलची नाही. माझी आहे."

"मी हेडमास्तराकडं जानार."

"जरूर जा. असं झालं, तसंच सांगा."

मला हेडमास्तरांची ताकीद आठवली. ही एक तक्रार गेली की संपलं. सात तंबू परत मोडीत. मी काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं, तर बाईंनी हातानंच मला गप्प केलं. मग त्यांनी आपल्या शबनम पिशवीतून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, त्यातली एक वेगळी केली आणि पुढं धरली.

"जाण्याआधी एवढं वाचा."

"मला बारीक अक्षर दिसत न्हाई."

चिठ्ठी मंगलच्या हातात गेली. घरी गेली होती तेव्हा तिनंच ती आईच्या सांगण्यावरून लिहिली होती, आता तिलाच ती बापासमोर वाचायची होती. घसा खाकरून, वर्गात धडा वाचतात तशा सुरात ती वाचू लागली.

"'बाईंना नमस्कार. आई सांगते तसं लिहिते आहे. मी घोडेगावच्या बाजारापल्याड काही बघितलं नाही. मंगलला बघू द्या. आल्यावर ती मला सगळं सांगंल.' खाली आईचा अंगठा."

मंगलनं चिठ्ठीची घडी करून ती बाईंना परत दिली. चुलीवर पाणी उकळत होतं.

"हे ती बोल्ली?" रंगनाथरावांनी, म्हणजे त्या वडिलांनी, विचारलं. मंगलनं मान हलवली.

"मग माज्यासंगं का न्हाई बोल्ली?"

"बोलल्या असत्या तर तुम्ही काय म्हणाला असतात?" बाईंनी विचारलं.

त्यांनी खरोखर विचार केला. फेटा मागं सारून डोकं खाजवलं. "न्हाई म्हनलो असतो."

"झालं तर."

"व्हय," ते म्हणाले. "झालं तर."

बाईंनी त्यांना चहा दिला. चहाचे घुटके घेत ते सगळीकडं नजर फिरवत होते. तंबू, खाचर, ओढा. मग मान वर करून कळसूबाईकडं.

"बाकीच्या पोरी कुटं हायेत?"

"मावळतीला बघा. त्या दुसऱ्या टप्प्यावर ठिपके हलतायत ना, त्या."

"आन ही का हितं?"

मंगलनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "भ्याले मी, दादा."

रंगनाथरावांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता म्हणतील, बरं झालं, चल घरी. ते म्हणाले, "आन आता आईला जाऊन काय सांगनार? तंबू बघितला?"

मंगलनं अर्धा काढलेला नकाशा उचलून दाखवला.

"ती तितं दाराकडं डोळं लावून बसली आसंल. चल ऊठ. मी हाय मागं."

"तुम्ही वर जाणार?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मास्तर, ऊस तोडायची मानसं आमी. डोंगर काय खातोय का?"

बाईंनी पटापट भाकऱ्या बांधल्या, पाण्याची पिशवी भरली, वाट समजावून सांगितली. "देऊळ लागेपर्यंत सरळ पश्चिम, मग वायव्येला..." रंगनाथराव "व्हय, व्हय" म्हणत होते आणि त्यांना सगळं कळत होतं. मी दगडावर पाय पसरून हे बघत होतो आणि एकाएकी माझ्या ध्यानात आलं की आता तळावर बाईंनी सांभाळावं असं कुणी उरणार नाही.

"बाई, तुम्हीही जा ना."

"मी? आणि तळावर कोण?"

"मी आहे."

"चूल आहे. दुपारचं पिठलं आहे."

"मी करतो."

"तुम्हाला येतं?"

"शिकतो. तुम्ही शेवटचं वर कधी गेला होतात?"

"मी कुठं गेलेय वर?"

मी बघतच राहिलो. ज्या बाई फळ्यावर कळसूबाईचा माथा रेखाटत, वरचं देऊळ, कातळातली साखळी, दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी, पश्चिमेला अलंग-मदन-कुलंग असे ओळीनं किल्ले, त्या बाई सहा वर्षांत एकदाही वर गेल्या नव्हत्या!

"दर वर्षी एखादी राहतेच, सर. कुणाला ताप, कुणाचं पोट, कुणाला भीती. तिला एकटी कशी ठेवायची?"

"यंदा कुणी राहिली नाही."

"तुम्ही आहात."

"मी चोवीस वर्षांचा घोडा आहे, बाई. जा तुम्ही."

त्या पालथ्या घातलेल्या पातेल्यावर बसल्या. पदराशी चाळा करत राहिल्या. हे मी कधी पाहिलेलं नव्हतं.

"खरं सांगू? संध्याकाळी पोरी उतरतात ना, तेव्हा एकीलाही धीर नसतो. सगळ्या एकदम बोलतात. मी इथं ते ऐकायला येते. मग त्या नगरला जातात, आपापल्या घरी पुन्हा पहिल्यापासून सांगतात." त्या क्षणभर थांबल्या. "मी वर गेले आणि एवढं सगळं पाहिलं, तर घरी जाऊन कुलूप काढल्यावर ते सांगू कुणाला?"

हे त्या सरासरी पर्जन्यमान सांगावं तशा सांगत होत्या. त्यात तक्रार नव्हती. मी सुजलेला पाय हातानं पुढं ओढला.

"मला सांगा," मी म्हणालो. "हा पाय असा. मी कुठं पळूनही जाऊ शकत नाही."

"सगळं ऐकाल?"

"सगळं."

"मी फार बोलते हो."

"ते सात महिन्यांत ध्यानात आलंय."

बाई उठल्या. आशियात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा पायांत शिंदेबाईंचे जादा कॅनव्हासचे बूट होते आणि पदर कमरेला घट्ट खोचलेला. मंगल पुढं, तिच्या मागं रंगनाथराव, शेवटी बाई. बांध ओलांडताना त्या एकदाही मागं वळल्या नाहीत.

माझा दिवस कसा गेला ते थोडक्यात सांगतो. पिठल्यात गाठी झाल्या. दुपारी एक म्हैस आली आणि ऑस्ट्रेलियात शिरली. मी एका पायावर उड्या मारत तिला हाकलायला गेलो, तर ती माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहून आत बसली. शेवटी गावातली एक म्हातारी येऊन तिला घेऊन गेली आणि जाताना मलाच म्हणाली, "लई तरास दिला व्हय रं तिला?"

डोंगर पश्चिमेला, त्यामुळं तळावर सावली लवकर उतरली. मी सारखा वर बघत होतो. मंगल पुन्हा कातळावर अडकली असेल का? बाईंचा गुडघा? मीच त्यांना पाठवलं होतं.

आधी ओरडा ऐकू आला, मग मुली दिसल्या. धावतच आल्या. "सर, बाई वर आल्या! आम्ही उतरत होतो, तर बाई चढत होत्या! मग आम्ही बाराजणी पुन्हा वर गेलो!" मागून रंगनाथराव आले. त्यांचं डोकं उघडं होतं, फेटा मंगलच्या कमरेला होता. आणि सर्वांत शेवटी बाई. केस सुटलेले, साडी काठाला फाटलेली, बुटांतून पाऊल बाहेर येऊ बघतंय.

मी उभा राहिलो. "काय पाहिलंत, बाई?"

त्या बसल्यासुद्धा नाहीत. साखळीशी मंगल पुन्हा कशी गोठली, रंगनाथरावांनी डोक्याचा फेटा सोडून एक टोक तिच्या कमरेला कसं बांधलं, दुसरं आपल्या मनगटाला कसं गुंडाळलं आणि "आता पडलीस तर बापाला घिऊन पडशील, मग पड" असं कसं म्हणाले, ते ऐकून तिला तिथंच हसू कसं फुटलं आणि हसता हसता ती वर कशी पोचली, हे सगळं उभ्याउभ्याच सांगितलं. मंगल मधेच "बाई, आणि देवळातली ती घंटा..." म्हणाली, तर तिला गप्प करून घंटाही बाईंनीच सांगितली. पाणी सांगितलं, किल्ले सांगितले, वारा सांगितला. "आणि सर, घारी! आपल्या खाली उडत होत्या! घारींची पाठ पाहिलीय तुम्ही कधी?" पिठलं गार झालं. कुणाला गाठी लागल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही तंबू गुंडाळत होतो तेव्हा रंगनाथराव निघाले. हेडमास्तरांचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. एसटीत चढता चढता बाईंना म्हणाले, "ती चिठी मला देता का? ऱ्हाऊ द्या माज्याजवळ." बाईंनी दिली. त्यांनी ती घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.

आम्ही नगरला परतलो. त्यानंतरच्या रविवारी दुपारी आमच्या दारावर थाप पडली. दारात गुजरबाई. सात महिन्यांत त्या कधी कुणाच्या घरी गेल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"सर, एक सांगायचं राहिलं," त्या चपला काढत म्हणाल्या. "उत्तरेला, अगदी लांब, सप्तशृंगीची रांग दिसली. ते मी सांगितलंच नाही."

माझी आई आत लसूण सोलत बसली होती. मी ओळख करून दिली. आईनं त्यांच्यासाठी पाट सरकवला, लसणाचं ताट मधे ठेवलं. बाई बसल्या, सहज दोन पाकळ्या उचलून सोलायला लागल्या. थोड्या अवघडल्या होत्या.

"डोंगरावर गेला होता म्हणे," आई म्हणाली. "हा काही धड सांगत नाही. पहिल्यापासून सांगा बघू."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मी चहाचं आधण ठेवायला उठलो. पाठीमागून आईचा आवाज येत होता, "अगंबाई! मग? पुढं काय झालं?"